मालाडच्या एका डबक्याची चौकशी

घर बांधणं माणसाच्या हातात असतं. ते उभं ठेवणं मात्र त्याच्या तोंडात असतं. ज्या घरात दुरुस्तीविषयी पुरेसं बोललं जातं ते घर सहसा पडत नाही, आणि पडलंच तर ते कोणाच्या बाजूला पडलं यावर पुढची वीस वर्षं बोलता येतं. विटा आणि चुना ही दुय्यम साधनं आहेत. मुख्य साधन म्हणजे बैठक.

हे मी अधिकाराने सांगतो. सन १९५५च्या दिवाळीनंतर, पुढच्या फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत मी मालाडला, मार्व्याच्या वाटेवरच्या एका अंगणाच्या दुरुस्ती समितीचा मानद चिटणीस होतो. ('मानद' म्हणजे चहा मिळतो.) माझं नाव अनंत लोटलीकर. शाळेत मास्तर आहे, अविवाहित आहे, आणि माझं अक्षर चांगलं आहे. समितीत घेतलं ते या शेवटच्या कारणासाठी.

अंगण बेनेडिक्ट मिरांडाचं. तो तिथला पिढीजाद गावकरी. पुढे त्याचं कौलारू घर, मध्ये अंगण, अंगणात विहीर, आणि मागे त्याने भाड्याने दिलेल्या तीन खोल्या. पहिल्या खोलीत मालवणकडचा सहदेव पेडणेकर आणि त्याची बायको मालन. तिसऱ्या खोलीत मी. मधल्या खोलीचा भाडेकरू दाराला कुलूप घालून गावी गेला होता. या सगळ्या प्रकरणातून निर्दोष सुटलेला तो एकमेव पुरुष.

बेनेडिक्ट रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. कसलंही बिघडलेलं इंजिन तो उघडून, पुसून, जोडून संध्याकाळपर्यंत चालू करून देई. सहदेवचा बाप गिरणीत होता, पण सहदेव स्वतः एका विमा कचेरीत दप्तर सांभाळत असे. हजारो फायलींतून नेमकी हवी ती फाईल तो डोळे मिटून काढी. असे दोन कर्तबगार पुरुष एकाच अंगणात राहत असताना तिथलं गटार फुटावं, याला मी योग म्हणतो.

गटार दगडी होतं. बेनेडिक्टच्या स्वयंपाकघरापासून निघून, आमच्या तिन्ही न्हाण्यांचं पाणी गोळा करत ते विहिरीला वळसा घालून केळींपाशी जाई. दिवाळीनंतरच्या आठवड्यात विहिरीच्या अलीकडे त्याचे दोन दगड खचले. दोनच. फट एवढीशी, की मांजराने उडी न मारता ओलांडावी. तिथून पाणी अंगणात येऊ लागलं आणि डबकं तयार झालं. त्याची वाढ मी मोजपट्टीने नोंदवली आहे:

नोव्हेंबर: दीड हात लांब. रहिवासी: चिलटं.
डिसेंबर: चार हात. रहिवासी: डास, दोन बेडूक.
जानेवारी: सात हात. रहिवासी: डास (मोजणी सोडून दिली), बेडूक (कुटुंबासह), बेनेडिक्टची नऊ पांढरी बदकं.

बदकं खास होती. बेनेडिक्टची मुलगी इव्हा, हिचं लग्न मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी ठरलं होतं, आणि बदकं त्या जेवणासाठी वाढत होती. त्यांना डबकं फार आवडलं. अंगणात या प्रश्नावर समाधानी असलेला तेवढाच एक पक्ष होता.

रीतीप्रमाणे आधी गवंडी बोलावला. धोंडू गवंडी आला, फटीपाशी उकिडवा बसला, आणि त्याच्या धंद्यात वेदवाक्य मानला जाणारा प्रश्न त्याने विचारला.

"हे कुणी बांधलंय?"

"तू," बेनेडिक्ट म्हणाला.

धोंडूने थोडा विचार केला. "तरीच एवढी वर्षं टिकलं," तो म्हणाला. मग 'आतून बघायला पाहिजे' म्हणून त्याने फटीच्या दोन्ही बाजूंचे शाबूत दगड उपसून काढले. दोन दगडांचं काम त्यामुळे अकरा दगडांचं झालं आणि त्याला काही शोभा आली. आपला ओळंबा पेरूच्या फांदीला टांगून, "चुना घेऊन उद्या येतो" असं सांगून तो गेला. कॅलेंडरातला उद्या आणि गवंड्याचा उद्या यांत गल्लत करू नये. कॅलेंडरातला उद्या आजच्यानंतर येतो. मार्चमध्ये मी मार्व्याहून तरीत बसून मनोरीला गेलो होतो, तेव्हा धोंडू तिथे कुणा साहेबाच्या सुट्टीतल्या बंगलीवर गिलावा करताना दिसला. त्याने मला ओळखलं, थापी हलवली आणि लांबूनच ओरडला, "उद्या!"

फेब्रुवारी उजाडला तरी धोंडूचा उद्या उजाडला नाही, तेव्हा प्रश्न उभा राहिला की पुढे कोणी काय करायचं. एका रविवारी चर्चहून आल्यावर बेनेडिक्ट डबक्याच्या अलीकडे उभा राहिला. सहदेव पलीकडे.

"सहदेव, हे बघ," बेनेडिक्ट म्हणाला, "जमीन माजी हाय, ते मी मानतो. पन पानी तुजं हाय."

"पाणी माझं? वा रे वा! तुझ्या स्वयंपाकघरातलं पाणी काय वरच्यावर हवेत उडून जातं काय? आणि मी भाडेकरू आहे. घरमालकाच्या वस्तूला हात लावायचा मला हक्क नाही. कायदा आहे."

"मंग कायदा घे आनि बुजव फट!"

दोघंही सज्जन होते. दोघंही एकमेकांच्या सणाला जेवायला जात. फट बुजवायला लागणारा वेळ दोघांकडेही होता. पण फट बुजवली की चूक आपली होती असं ठरतं, ही भीती दोघांनाही होती, आणि ती रास्त होती. शेवटी मी समितीची सूचना मांडली. दोघांचेही चेहरे उजळले. अध्यक्ष बेनेडिक्ट, उपाध्यक्ष सहदेव, चिटणीस मी. जागा: चिंचेखाली. वेळ: दर रविवारी, चर्च आटोपल्यावर. चहा बेनेडिक्टची बायको व्हायोलेट देई आणि सोबतचं खाणं मालन. समितीच्या घटनेत या दोघींचा उल्लेख एवढाच आहे.

घरी सहदेवला थोडा विरोध झाला. आमच्या भिंती पातळ आणि मधली खोली रिकामी असल्यामुळे तो माझ्या नोंदवहीत आला आहे.

"अहो, दोन दगड लावूक काय समिती लागता?" मालन म्हणाली.

"तू गप रव. ह्यो तत्त्वाचो प्रश्न आसा."

"तत्त्वाक डास चावनत नाय. माका चावतत."

या युक्तिवादात सार्वजनिक दृष्टी नव्हती, म्हणून तो बैठकीत मांडला गेला नाही.

समितीच्या एकूण अकरा बैठका झाल्या. पहिल्या तीन बैठकांत गटार हे घराचा भाग की अंगणाचा, यावर चर्चा झाली आणि ते 'संक्रमणावस्थेत' असल्याचं एकमताने ठरलं. चौथीत डबक्याला 'डबकं' म्हणावं की 'साठा' यावर मतदान झालं. (एक विरुद्ध एक. चिटणिसाला मत नव्हतं.) पाचवी बैठक डासांमुळे लवकर आटोपली. सहावीत मात्र आम्ही शास्त्रीय मार्गावर आलो. मुद्दा साधा होता: डबक्यात कोणाचं पाणी किती? ज्याचं जास्त, त्याने फट बुजवायची. पाण्यावर नाव नसतं. तेव्हा ते घालावं, असं मी सुचवलं. शनिवारी सकाळी सहदेवच्या न्हाणीत कपड्यांची नीळ ओतली, माझ्या न्हाणीत शाळेची लाल शाई, आणि बेनेडिक्टच्या स्वयंपाकघरात हळद. दुपारपर्यंत डबक्यात जो रंग जास्त दिसेल, तो पक्ष दोषी.

दुपारी डबकं जांभळं झालं होतं.

बदकंही झाली होती. पोटापर्यंत जांभळी, वर पांढरी. नऊच्या नऊ रांगेने बाहेर आली आणि अंगणात पंख झटकू लागली. व्हायोलेट दारात आली, तिने बघितलं, आणि पदर तोंडाला लावला. ती हसते आहे की रडते आहे, ते कळेना.

"उपासाचा रंग!" ती म्हणाली. "चर्चमध्ये ईस्टरच्या आधी पडदे असतात ना, तसला! बेनेडिक्ट, अरे, लग्नाला आता काय फादरला उपासाची बदकं वाढू?"

ती हसत होती. पण बेनेडिक्टच्या ते हसू जिव्हारी लागलं. तो सहदेवकडे वळला.

"नीळ कुनाची?"

"समितीची," सहदेव म्हणाला. ते खरं होतं. मी इतिवृत्त उघडून ठरावाचा क्रमांकही दाखवला. त्याचा उलटाच परिणाम झाला.

बेनेडिक्ट तडक विहिरीवर गेला. कारखान्यातल्या सफाईने त्याने विहिरीची कप्पी उतरवली, दोर गुंडाळला आणि दोन्ही घरात नेऊन ठेवलं. मी तिथे राहायला आल्यापासूनच्या सात वर्षांत त्या अंगणात त्याने इतक्या चटकन केलेलं हे पहिलं काम. आपल्या घराला लागेल तेवढं पाणी तो सकाळी स्वतः काढून ठेवी आणि कप्पी पुन्हा आत नेई.

सहदेवनेही तिथल्या तिथे जाहीर केलं, "आजपासून या अंगणाशी माझा संबंध नाही. इव्हाच्या लग्नाला माझ्या घरातलं कोणी येणार नाही."

इव्हा खिडकीत उभी होती. ती या दोघांच्या मांडीवर खेळलेली. सहदेव तिला 'ईवली' म्हणे. तिने खिडकी लावून घेतली.

त्या दिवसापासून मालन दोन हंडे घेऊन चर्चच्या रस्त्यावरच्या सार्वजनिक विहिरीवर जाऊ लागली. मी अंतर मोजलं आहे: जाऊन-येऊन अकराशे पावलं, रोज पाच खेपा. सहदेव याला लढा म्हणे. लढ्याचे हंडे मालनच्या डोक्यावर होते. लग्नात द्यायला म्हणून इव्हासाठी ती ज्या उशांच्या अभ्र्यांवर फुलं भरत होती, ते अभ्रे तिने दोन दिवस खाली ठेवले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा हातात घेतले. सहदेव घरात असला की ती ते डब्यात टाकी.

समिती मात्र मोडली नाही. भांडणामुळे समिती मोडते हा गैरसमज आहे; भांडण हेच समितीचं खाद्य. उरलेल्या बैठका दोन्ही पक्षांनी एकमेकांकडे पाठ करून पार पाडल्या आणि बोलणी माझ्यामार्फत चालली. त्या दिवसांत सबंध मुलखाला सीमेचं वेड लागलं होतं. कोणतं गाव कोणत्या राज्यात, यावर रोज सभा होत. आम्हीही आमच्यापुरती सीमा हाती घेतली. अकराव्या बैठकीत ठरलं की जमिनीचा मूळ नकाशा काढून आणावा. त्यासाठी अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांनी रजा काढून, गुरुवारी सकाळीच, वेगवेगळ्या दारांनी निघून एकाच कचेरीत जावं. लग्नाला दहा दिवस उरले होते आणि मांडव घालायचा होता तो नेमका डबक्याच्या जागी.

शाळेला सुट्टी लागली होती. मी खोलीत बसून इतिवृत्त सुवाच्य करत होतो. त्यामुळे पुढचा प्रकार मी खिडकीतून पाहिला.

दुपारी व्हायोलेट अंगण ओलांडून मालनच्या दारात आली. गेल्या पाच आठवड्यांत त्या अशा समोरासमोर उभ्या राहिल्या नव्हत्या.

"पुढच्या शनिवारी उंबराचं पानी आनायचं," व्हायोलेट म्हणाली. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका बँड लावून विहिरीवर जातात आणि नवरीच्या न्हाणासाठी पाणी आणतात, ती त्यांची रीत. "तू नाय आलीस तर इव्हा न्हानार नाय म्हनते."

"ते रागावलेत, व्हायोलेट. मी कुठे रागावलेय?"

"मंग?"

"मग काय? ते म्हणतात तत्त्व आहे."

"आमच्याकडे पन तेच हाय. रोज ताटावर वाढते मी ते."

मालनने डबक्याकडे पाहिलं. डासांचा ढग उन्हातही उभा होता. "हे बुजवायला किती वेळ लागेल गं?"

"कुनाला? त्यांना की आपल्याला?"

मालन आत गेली आणि साडीचा काष्टा मारून बाहेर आली.

पुढचं मी घड्याळ लावून पाहिलं. एक वाजून दहा मिनिटांनी काम सुरू झालं. इव्हासुद्धा आली. लग्नाला दहा दिवस राहिलेली मुलगी, हळदीच्या आधी चिखलात. तिघींनी बादल्यांनी डबकं उपसलं आणि पाणी केळींना घातलं. (बेचाळीस बादल्या. एक बेडूक दोनदा.) बेनेडिक्टच्या गोठ्यामागे जुनी नळीची कौलं पडलेली होती. ती मालनने उलटी करून एकापुढे एक, थोडी एकमेकांवर चढवून, फटीत बसवली. उलटं कौल म्हणजे आयतं गटार, हे आम्हा तिघांना अकरा बैठकांत सुचलं नव्हतं. व्हायोलेटने चुना आणि विटांचा चुरा कालवला. खड्ड्यात डबर, डबरावर माती.

मधूनच मालन माझ्या खिडकीशी आली. तिच्या गालावर चुना होता.

"मास्तर, जरा ही मातीची पाटी धरता? एकटीला उचलत नाही."

मी तिला अदबीने समजावलं की समितीच्या ठरावाशिवाय चिटणिसाने प्रत्यक्ष कामात भाग घेतला तर त्याची तटस्थता धोक्यात येते, आणि शिवाय गणपूर्ती नाही. तिने माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. रागाने नव्हे. बंद दुकानाकडे बघावं तसं. मग ती गेली आणि इव्हाने पाटीचं दुसरं टोक धरलं.

त्या नजरेची मी नोंद केली नाही. कोणत्या रकान्यात करायची, ते ठरेना.

चोपण्याने माती ठोकून, वरून शेण सारवून काम संपलं तेव्हा तीन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. दोन तास पंचवीस मिनिटं, यात एकदा चहा आणि एकदा हसू आवरेना म्हणून गेलेली दहा मिनिटं. इव्हाने स्वयंपाकघरातून एक तांब्या पाणी सोडलं. तिघी गटाराच्या कडेने त्या पाण्याबरोबर चालत केळींपर्यंत गेल्या, आणि पाणी केळीच्या बुंध्यात शिरलं तेव्हा व्हायोलेटने कपाळावरून क्रूस केला. मालनने हात जोडले. मग दोघी आपापल्या घरी स्वयंपाकाला लागल्या.

संध्याकाळी पुरुष परतले, आणि आश्चर्य म्हणजे एकत्र परतले. कचेरीतल्या बाकावर सात तास शेजारी बसल्यामुळे त्यांना एकमेकांशी बोलणं भाग पडलं होतं. तिथल्या पंख्याबद्दल दोघांचं एकमत झालं होतं. पण नकाशा भयंकर निघाला. सहदेवने तो चिंचेखाली पसरला. नकाशा जुना होता. आमच्या अंगणाच्या जागी घर नव्हतं, विहीर नव्हती, सीमा नव्हती. निळ्या रेघा होत्या आणि लिहिलं होतं: 'पाणथळ'.

"म्हणजे," सहदेव घसा साफ करून म्हणाला, "कागदोपत्री डबकं कायदेशीर आहे."

"आनि माजं घर?"

"घर हे अतिक्रमण आहे. डबक्यावरचं."

बेनेडिक्ट मटकन खाली बसला. मग उठला आणि नकाशा हातात घेऊन चालू लागला. "इथे, सहदेव, इथे पानी हाय," तो पाय आपटत म्हणाला, "म्हंजे हे ठेवायला पायजे? मांडव कुठे घालू? माजी पोरगी..." तो आपटत होता ती जमीन कोरडी खडखडीत होती. मेच्या उन्हाने सारवणसुद्धा वाळलं होतं. तीन-चारदा पाय आपटल्यावर त्याने खाली पाहिलं.

"अरे! डबकं कुठे गेलं?"

सहदेवने वाकून पाहिलं. जमिनीला हात लावला. "आटलं," तो म्हणाला.

"असं कसं आटलं?"

"ऊन किती आहे! आणि वस्तू कशी असते, बेनेडिक्ट, तिचा पाठपुरावा केला, तिच्यावर चारी बाजूंनी दबाव आणला, की..."

"ते बरोबर," बेनेडिक्ट म्हणाला. "दबाव आपन आनला."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी चिटणीस होतो, सगळं मला माहीत होतं. मी लिहिलं: 'समितीच्या अथक परिश्रमांमुळे साठा नष्ट झाला.' एकमताने मंजूर.

व्हायोलेट दारात उभी राहून हे ऐकत होती. "झालं असेल तुमचं," ती म्हणाली, "तर कप्पी लाव."

बेनेडिक्टने कप्पी लावली. सहदेवने दोर धरला. पहिली बादली दोघांनी मिळून कठड्यावर उतरवली. मग सहदेव खिडकीकडे बघून म्हणाला, "ईवले, अगं, तुझ्या लग्नाला मी नसेन तर नाचायचं कोणी?"

आणि तो नाचला. शनिवारी बँडमागून, डोक्याला रुमाल बांधून, बेनेडिक्टचा हात धरून. (राज्यात दारूबंदी असल्यामुळे फक्त सरबत दिलं होतं. काही पाहुणे सरबताने झिंगले, याचा उलगडा झालेला नाही.) विहिरीपाशी रीतीने पहिला घडा नवरीच्या आत्याने भरायचा. व्हायोलेटने आत्याच्या कानात काहीतरी सांगितलं. आत्या बाजूला झाली आणि घडा मालनच्या हातात आला. मालन एकदम मागे सरली, "मी कशी?" म्हणाली. इव्हाने तिचे दोन्ही हात घड्यावर ठेवले. त्या हातांना चुन्याने चिरा पडल्या होत्या. असं का केलं, हे एकाही पुरुषाने विचारलं नाही. मी विचारण्याचं कारण नव्हतं. मी मोठमोठ्याने टाळ्या वाजवल्या.

समितीची कीर्ती त्यानंतर पसरली. बोरिवलीच्या एका वाडीने पडक्या कुंपणासाठी आणि मुलुंडच्या एका कुटुंबाने गळक्या न्हाणीसाठी आम्हाला बोलावलं. दोन्हीकडे आम्ही गेलो, बसलो, बोललो. आणि चौथ्या भेटीच्या सुमारास काम आपोआप झालेलं आढळलं. याला आम्ही समितीचा पायगुण म्हणतो.

व्याप वाढल्यामुळे आता सभासद वाढवायचे आहेत. तेव्हा वाचकहो, एकच प्रश्न विचारतो. आज सकाळी आपल्या न्हाणीतलं पाणी तुंबलं नाही, दाराची कडी हातात आली नाही, आणि गेल्या महिन्यात जो पाट डगमगत होता तो आज डगमगला नाही. हे कोणी केलं, ते चटकन सांगता येत असेल, तर आपण या कामाला नालायक आहात, क्षमस्व. पण 'त्यात करायचंय काय, ते तसंच असतं' असं मनात आलं असेल, तर अर्ज पाठवण्याची तसदी घेऊ नका. आपलं नाव मी आधीच लिहून घेतलं आहे.